‘बेवारस वस्तू दिसल्यास कळवा’ या सूचनेकडे प्रवासी लक्ष का देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मराठवाड्यातल्या एका स्टँडवर दोन तास बसलात, ‘बेवारस वस्तूला हात लावू नका, त्वरित कळवा’ ही सूचना पुन्हा पुन्हा वाजत होती आणि कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मग तुम्ही विचारलंय की इकडच्या लोकांना सुरक्षेची जाणीवच नाही का. तुमच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, २०१९ साली निवृत्त झालो. सगळ्यात जास्त फेऱ्या अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर केल्या. जाणीव नाही असं म्हणू नका. गर्दीत चढताना आमच्या बायका एका हाताने गळ्यातलं पदराखाली दाबून धरतात, हे त्यांना कुठल्या पाटीने शिकवलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, आमच्याकडची माणसं धड उभ्या घरांसमोरही महिनोन्महिने अंगणात झोपली. ज्याचा फटका डोळ्यांनी बघितलाय, त्याला माणूस बरोबर सावध असतो.

अडचण ‘बेवारस’ या शब्दातच आहे. आमच्या गाडीत मालक जवळ नसलेली वस्तू प्रत्येक फेरीला असायची. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशव्या सीटवर पडतात. पिशवी आत आणि पिशवीचा मालक दारातल्या रेटारेटीत, पाच-पाच मिनिटं. ती पिशवी उचलून बाजूला ठेवली तर भांडण होतं, म्हणून दुसऱ्याच्या पिशवीकडे बघायचंच नाही हा आमच्याकडे रिवाज आहे.

दुसरं म्हणजे डबे. लातूरला ट्यूशनसाठी खोली करून राहिलेल्या लेकरांचे डबे सकाळच्या पहिल्या गाडीने जायचे. फाट्याफाट्यावर एखादी आई नाहीतर आजोबा उभे. फडक्यात बांधलेल्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. “मास्तर, एवढं स्टँडवर द्या, पोरगं येतंय घ्यायला.” मी घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनवर ठेवायचो. एखाद्या सोमवारी १५-१६ डबे व्हायचे. एकाचाही मालक गाडीत नसायचा. सूचनेच्या हिशेबाने ते सगळे बेवारस. आमच्या हिशेबाने त्यातल्या प्रत्येकाला आई होती. ज्या प्रवाशांनी जन्मभर हे बघितलंय त्यांना लाऊडस्पीकर सांगणार की मालक जवळ नसलेल्या वस्तूला घाबरा, तर ते कसे घाबरतील?

आता जुलै २००६ ची गोष्ट सांगतो. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत, १८० हून जास्त माणसं गेली. बॉम्ब प्रेशर कुकरमध्ये ठेवले होते असं पेपरात आलं, तेव्हा कुकर हातात घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईकडेही लोक बघायला लागले. पोलिसांनी येऊन आम्हा चालक-वाहकांना सांगितलं होतं की कुकर, डबा, रेडिओ, पिशवी, काहीही बिनमालकाचं दिसलं तर गाडी थांबवा, माणसं खाली उतरवा, हात लावू नका. रेडिओचं आम्हा जुन्या माणसांना नवीन नव्हतं, कारण १९८५ साली दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवून माणसं मारली होती.

त्यानंतर आठवडाभरात, सकाळची पहिली गाडी. बर्दापूर फाटा सोडला आणि मी वे-बिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, लिहायला मागच्या लांब सीटवर बसलो. तेव्हा मशीन नव्हतं, तिकिटांचा ट्रे आणि पंच. पाय सीटखाली गेला आणि काहीतरी कडक लागलं. वाकून बघितलं तर युरियाच्या पोत्यात चौकोनी पेटीसारखं काहीतरी, तोंड सुतळीने आवळलेलं, आणि त्या तोंडातून एक तांबडी आणि एक काळी वायर बाहेर आलेली.

मी मोठ्याने विचारलं, “हे पोतं कुणाचंय?” कुणी बोललं नाही. पुढे जाऊन दोनदा पुन्हा विचारलं. मग सिंगल बेल दिली आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. पन्नासच्या वर माणसं होती, त्यात ट्यूशनची पोरं, त्यांची परीक्षा. मी सगळ्यांना उतरा म्हणालो तर कुणी हलेना. माझे थोरले साडू त्याच गाडीत होते, कोर्टाच्या तारखेला निघाले होते. ते बसल्या जागेवरून सगळ्यांदेखत म्हणाले, “पाव्हणं, आपल्या गावाकडं कोण बॉम्ब ठेवतंय? नसता उद्योग करू नका.” लोक हसले. एक जण तर “मीच बघतो ना” म्हणत पोत्याच्या सुतळीला हात घालायला गेला. मी त्याचं मनगट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशावर ओरडलो. मग उतरले सगळे. डबे गाडीतच राहिले. मी आणि ड्रायव्हरने माणसं लांब, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेली. एकाकडे मोबाइल होता, त्यावरून पोलिसांना फोन लावला.

पोलीस यायला तास-सव्वा तास गेला. त्या वेळात एक माणूस दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आला, उतरला आणि आमच्यात येऊन उभा राहिला. डोक्यावरून टॉवेल घेतलेला. मी बघितलं, पण ओळखलं नाही. पुष्कळ लोक येऊन बघत होते, त्यातलाच एक वाटला. शेवटी दोन पोलीस आले. त्यांनी खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाले, बॉम्बशोधक पथकाला बोलवावं लागेल, वेळ पडली तर जागेवरच उडवून टाकतील. तेव्हा तो टॉवेलवाला पुढे आला आणि पोलिसाच्या पायाजवळ बसला. “साहेब, फोडू नका. स्टार्टर हाय पाण्याच्या मोटारीचं. दुरुस्तीला लातूरला निवालतो. ऊस वाळायलाय.”

त्याच्या खिशात लातूरपर्यंतचं तिकीट होतं. मीच फाडलेलं. बर्दापूर फाट्यावर तो लघवीला उतरला होता आणि मी माणसं न मोजता डबल बेल देऊन गाडी सोडली होती. ते पोतं बेवारस नव्हतं. ते मी बेवारस केलं होतं. हे मी साहेबांना तेव्हाच लेखी दिलं, आणि इथेही लिहितो, कारण माझी चूक झाकून तुम्हाला उपदेश करायचा नाही.

पण तो माणूस जवळजवळ तासभर आमच्याजवळ उभा होता. त्याचं पोतं, त्याच्यासाठी थांबलेली गाडी, आणि तो बोलत नव्हता. मी नंतर विचारलं, अहो तुम्ही आल्या आल्या का नाही सांगितलं? तो म्हणाला, “मास्तर, माझं हाय म्हणलं असतं तर मला आत टाकलं असतं.” आणि खरोखर त्याला दुपारपर्यंत बसवून ठेवलं, जबाब घेतला. मलाही बसवलं. मी कळवणारा, तो मालक, दोघं एकाच बाकावर. त्या बाकावर बसून मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ज्याने बघितलं त्यालाही भीती आणि ज्याचं आहे त्यालाही भीती, आणि दोघांची भीती एकच. बॉम्बची नव्हे, त्यानंतरच्या चौकशीची. एकदा सांगून ज्याचा अख्खा दिवस गेला, तो दुसऱ्यांदा सांगत नाही. त्याच्या शेजारी बसलेली पन्नास माणसंही सांगत नाहीत, कारण त्यांनी ते बघितलेलं असतं.

म्हणून ‘जनजागृती’ हा शब्द ऐकला की मला राग येतो. लोक झोपलेत आणि त्यांना जागं करायचंय असं धरून चालणाऱ्या पाट्यांवर काही विश्वास नाही माझा. पाटीवर हे लिहा की सांगणाऱ्याला थांबवून ठेवलं जाणार नाही. हे लिहा की सांगितल्यावर कोण येईल. माझा भाचा लंडनला आहे. तिथे रेल्वेत २०१६ पासून तीन तुकड्यांची घोषणा आहे, अर्थ असा की तुम्ही बघा, आम्हाला सांगा, मिटवलं जाईल. तिसरा तुकडा पोलिसांनी स्वतःवर घेतलाय. आपल्या सूचनेत सगळं काम प्रवाशाचं. भाचा असंही सांगतो की तीच तीच घोषणा ऐकून तिथले लोकही वैतागतात, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारनेच गाडीतल्या फालतू घोषणा कमी करायचं जाहीर केलं होतं. कान मराठवाड्यातलेच बधिर नाहीत.

आणि आवाज कुणाचा आहे यानेही फरक पडतो. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या केबिनमधून बघत होते, आणि नुकत्याच आलेल्या लोकलच्या प्रवाशांना कुठे येऊ नका, कुठून बाहेर पडा हे माइकवर सांगत राहिले. लोकांनी ऐकलं आणि पुष्कळ जीव वाचले. तेच स्टेशन, तेच भोंगे, तेच प्रवासी. त्या दिवशी बोलणाऱ्याला समोरचं दिसत होतं. रेकॉर्डला काय दिसतं? जिवंत माणसाने, आत्ताचं, नेमकं सांगितलं की आपला माणूस ऐकतो. गाडीत तो जिवंत माणूस म्हणजे वाहक. आता मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालंय, ते चांगलंच झालं, पण गर्दी इतकी की तिकिटं देता देता गाव येतं, शेवटच्या सीटखाली वाकायला वाहकाला फुरसत नाही. आणि विनावाहक गाडीत तर सांगायचं कुणाला? चालत्या गाडीत ड्रायव्हरला?

तुम्ही काय करावं, तेही लिहितो. शंका आली तर हात लावू नका, मोबाइलवर फोटो काढत जवळ उभे राहू नका. आधी मोठ्याने विचारा, “ही कुणाची?” दहापैकी नऊ वेळा मालक मागच्या सीटवरून ओ देतो. नाहीच दिली तर चालक-वाहकाला सांगा, स्टँडवर असाल तर कंट्रोलरला. ११२ लावा, रेल्वेत १३९. आणि आपली पिशवी खिडकीतून टाकणं बंद करा. त्या दिवसानंतर मी नाव आणि गाव नसलेला एकही डबा घेतला नाही. आया सुरुवातीला चिडल्या, मग फडक्याच्या गाठीला चिठ्ठी बांधायला लागल्या. काहींनी तर डब्यावरच नाव कोरून आणलं. आणि फाट्यावर गाडी थांबली की डोकी मोजल्याशिवाय डबल बेल दिली नाही, निवृत्त होईपर्यंत. एवढ्याने जे झालं ते कुठल्या पाटीने झालं नसतं.

एक राहिलं. वस्तूकडे बघा म्हणतोय मी, माणसाकडे नाही. त्याच महिन्यात एका प्रवाशाने मला बाजूला घेऊन समोरच्या सीटवरच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं, नुसत्या त्याच्या दाढीटोपीवरून. मी त्याला विचारलं, त्याची पिशवी कुठाय? मांडीवर. मग गप बसा, म्हणालो. पिशवी मांडीवर आहे तोवर तो तुमच्यासारखाच प्रवासी. फाटके कपडे, गठुडं, ऊसतोडीला निघालेलं कुटुंब, यांच्याकडे बोट दाखवायला लोक फार पटकन तयार होतात. सूचना त्यासाठी नाहीत. पोलिसांनाही मी सरसकट नावं ठेवत नाही, त्या दिवशीचे दोघं नीट बोलले होते, चहाही पाजला. वेळ मात्र गेला तो गेला.

डबे त्या दिवशी साडेअकरानंतर पोहोचले. निम्मी पोरं वाट बघून क्लासला उपाशी गेली होती, ते मला अजून लागतं.

साडूंची तारीख हुकली. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत बसली की ते ही गोष्ट सांगतात. मला ‘बॉम्ब मास्तर’ म्हणतात, माझ्या नातवासमोरसुद्धा. शेवटी ठरलेलं वाक्य असतं, “अरे, आधी एकदा विचारायचं तरी, कुणाचंय म्हणून.” मी त्यांना मान देतो म्हणून पंगतीत उलटून बोललो नाही. त्यांचा मुलगा इथे उत्तरं वाचतो हे मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो. डबल बेलची चूक माझी, ती मला कबूल. पण गाडी थांबवली ती बरोबर थांबवली, आणि विचारल्याशिवाय थांबवली नाही. तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुझे वडील खिडकीशी बसून भाजलेल्या शेंगा फोडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि टरफलं खिडकीबाहेर टाकली.