अठरा हजारांचा पगार, बावीस हजारांची गिटार

पाचोऱ्याच्या चोवीस वर्षांच्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात नोकरी, हातात पडणारा पगार १८,५००, रोज रेल्वेच्या पासवर जाणं-येणं. घरी वडिलांची तीन एकर कपाशी. त्यांना गिटार शिकायचीय. कॉलेजात असल्यापासून मनात आहे, पण दर वेळी काहीतरी आडवं येतं, असं ते लिहितात. समोर तीन वाटा आहेत. ऑनलाइन मिळणारी ३,२०० ची ३८ इंची गिटार. किंवा २२,००० ची यामाहा एफजी-८००, क्रेडिट कार्डावर नऊ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांनी. किंवा पोस्टातली आरडी मोडून तीच रोखीने. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे : एक मित्र नोकरीसाठी पुण्याला चाललाय, त्याची तीन वर्षं वापरलेली यामाहा एफ-३१० तो ५,५०० ला द्यायला तयार आहे, ‘पण जुनं कशाला घ्यायचं?’

भाऊ, मला विचाराल तर अख्ख्या पत्रात कामाची ओळ तीच आहे. पण तिच्याकडे यायच्या आधी बाकीच्या तीन वाटांचं काय ते बोलून टाकू.

आरडीचं सोपं आहे. महिना २,००० चे २६ हप्ते, म्हणजे ५२,००० भरले आहेत तुम्ही. पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत बंदच करता येत नाही. तीन वर्षांनंतर मोडली तरी ६.७ टक्के विसरायचे, बचत खात्याचा ४ टक्के दर मिळतो. म्हणजे हा पर्याय तुमच्यापुढे मुळात नाहीच, आणि ते बरंच आहे. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मात्र मिळतं, आरडीच्या दराहून दोन टक्के जास्त व्याजाने, म्हणजे तुम्हाला ८.७ टक्क्यांनी. दहा हजार सहा महिन्यांसाठी उचलले तर व्याज ४३५ रुपये. तुमच्या आवाक्यातलं सगळ्यात स्वस्त कर्ज हेच आहे, हे लक्षात असू द्या. दवाखाना निघाला, मोटरसायकलचं इंजिन बसलं, तर उपयोगी पडेल. गिटारीसाठी त्याला हात लावायचं कारण नाही.

आता ‘नो कॉस्ट’. बिनव्याजी असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलंय. होतं काय, तर व्याजाइतकी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक तुमच्याकडून व्याज घेतेच. धरा वार्षिक १६ टक्के दर. २२,००० च्या गिटारीचा नऊ महिन्यांचा हप्ता साधारण २,४४५ बसतो आणि त्यात व्याजाचा भाग १,४०० च्या आसपास असतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, तो तुमच्या खिशातून, अडीचशे रुपये. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. सगळं मिळून पाचशेच्या आत-बाहेर. खरं सांगायचं तर ही काही लूट नाही. पाचशे रुपयांसाठी मी कुणाला अडवणार नाही.

अडवतोय ते दुसऱ्या आकड्यासाठी. तुम्हीच लिहिलेला हिशोब मांडतो : घरी ७,०००, आरडी २,०००, मोटरसायकलचा हप्ता २,८००, पास, पेट्रोल, डबा, मोबाइल मिळून ३,७००. उरले ३,०००. यातून २,४४५ चा हप्ता जाईल असं तुम्ही गृहीत धरलंय. पण शिकवणीचे महिना ७०० तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलेत आणि या बेरजेत धरायचे राहिलेत. दोन्ही मिळून झाले ३,१४५. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून १४५ रुपयांचा खड्डा, आणि त्यात गणपतीची वर्गणी नाही, बहिणीची ओवाळणी नाही, चप्पल तुटली तर नवी नाही. एखादा हप्ता चुकला की दंड, आणि कार्डाची बाकी थकली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरातलं व्याज. तिथे मात्र खरी लूट सुरू होते. बचत खात्यातले ११,००० हा तुमचा अडीअडचणीचा पैसा. तो आधीच एका महिन्याच्या पगाराएवढाही नाही, त्याच्याकडे पाहूसुद्धा नका.

वडील म्हणाले, ‘कापूस विकला की घेऊ.’ त्यांचं मन मोठं आहे. पण कापूस घरात येईपर्यंत भाव काय असेल हे कुणाच्या हातात नाही आणि त्या पैशाला बी-खतवाल्याची उधारी आधीपासून वाट पाहत असते. गिटार तुमच्या पगारातूनच येऊ द्या.

‘लग्नसराईत वाजवून हप्ते फेडीन’ हे वाक्यही पत्रात आहे. आपल्याकडच्या वरातीत बँड चालतो, बॅन्जो चालतो, कीबोर्ड चालतो. डीजेच्या भिंतीपुढे अकूस्टिक गिटार कोण ऐकणार? शिवाय कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बदलताना बोट अडखळणं थांबायलाच काही महिने जातात. कमाईचा विचार दोन वर्षांनी करा.

आता वाद्याकडे येऊ. पैशाचा निर्णय इथेच फिरतो.

३,२०० ची गिटार आवाजाने वाईट असते, असं लोक सांगतात. मला तो मुद्दा तितकासा वाटत नाही. नव्या माणसाला आवाजातला फरक पहिल्या महिन्यात कळतही नाही. कळतं ते बोटांना. ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांच्यातलं अंतर, बाराव्या फ्रेटवर दोन ते अडीच मिलिमीटर असलं की तार सहज दाबली जाते. स्वस्त गिटारीत ते साडेतीन-चारपर्यंत गेलेलं अनेकदा दिसतं. मग एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची ती) लागतच नाही, बोटांची सालपटं निघतात, आणि पोरगं म्हणतं, ‘मला जमत नाही.’ जमत नाही ते गिटारीला. शिवाय काही स्वस्त गिटारींच्या मानेत ट्रस रॉडच (मान सरळ ठेवणारी आतली सळई) नसतो, म्हणजे मान वाकली की सरळ करायचा उपायच संपला. आणि विकायला काढलीत तर गिऱ्हाईक मिळत नाही. बुडणारे ३,२०० हे माझ्या दृष्टीने २२,००० पेक्षा महाग आहेत.

दुसऱ्या टोकाला एफजी-८००. उत्तम वाद्य, वादच नाही. तिचं वरचं पान अखंड स्प्रूस लाकडाचं आहे, ज्याला सॉलिड टॉप म्हणतात. आवाज भरदार, आणि वर्षागणिक खुलतो असं जाणकार सांगतात. एफ-३१० चं पान थर चिकटवून केलेलं, लॅमिनेटेड, म्हणजे प्लायवुडच्या जातीचं. दुकानदार हे सांगताना जरा नाक मुरडतो. पण तो हे सांगत नाही की अखंड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू? जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर, हवा अशी कोरडी की अंगणात टाकलेली कुरडई दिवसात कडक. अशा हवेत अखंड पान आकसतं, सांध्यात नाहीतर मधोमध चीर जाते, फ्रेटची टोकं मानेबाहेर येऊन बोटाला टोचतात. ते टाळायला ओलावा राखणारा ह्युमिडिफायर, चांगली हार्ड केस, रोजची देखरेख आली. पत्र्याच्या खोलीत, दिवसभर घराबाहेर असणाऱ्या माणसाने हे कसं करायचं? लॅमिनेटेड पानाचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते आकसण्या-फुगण्याला फारशी दाद देत नाही. मान आणि फ्रेट एफ-३१० लाही उन्हाने त्रास देतातच, पण पान सहसा तडकत नाही. ज्याला पुण्या-मुंबईत काटकसर म्हणतील, ती खानदेशात सोय आहे.

घरातली एखादी खोली धाब्याची असेल तर उत्तम, मातीचं छत उन्हाळ्यात निम्मं काम करतं. गिटार बॅगेत, आतल्या भिंतीपाशी ठेवा. कूलरच्या झोतासमोर टांगू नका. दिवसा ओलावा आणि रात्री कोरड, हे कुठल्याच लाकडाला चालत नाही.

नवी एफ-३१० दुकानात नऊ ते अकरा हजारांच्या घरात मिळते. बॅग, कॅपो (मानेवर लावायचा चिमटा), तारांचा जादा संच आणि सेटअपची, म्हणजे ॲक्शन वगैरे नीट लावून घेण्याची, मजुरी धरून बारा-तेरा हजार. मित्र तीच ५,५०० ला देतोय. जुनं कशाला घ्यायचं? कारण पहिल्या वर्षाची घट मित्राने सोसली आहे. आणि सहा महिन्यांनी तुमचा नाद सुटला, तर एवढ्याच्या आसपास विकली जाण्याची शक्यता आहे. नव्या वस्तूत ती शक्यता पहिल्या दिवशीच संपते.

मात्र मैत्रीखातर डोळे मिटून घेऊ नका. शिकवणीच्या सरांना सोबत न्या आणि दिवसाउजेडी बघा. मागून डोक्याच्या बाजूने मानेवर नजर लावा, बंदुकीचा नेम धरतात तशी. किंचित पोकळ बाक चालतो, पीळ चालत नाही. मग ब्रिज, म्हणजे पानावरची तारा अडकवायची लाकडी पट्टी. वहीचा कागद फाडून त्याचं टोक ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय, आणि गिटार उन्हात किंवा गाडीत बराच वेळ राहिली असण्याची शक्यता आहे. ब्रिजमागे पान पोट सुटल्यासारखं फुगलंय का, हेही तिथेच दिसतं. त्यानंतर सहाही तारा एकेका फ्रेटवर दाबून वाजवा, अगदी कंटाळा येईपर्यंत. एखाद्या फ्रेटवर झणझण आली तर खुणेला खडू लावा. शेवटी मोबाइलवरचं फुकटचं ट्यूनर ॲप उघडून मोकळी तार जुळवा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबा : तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. ॲप बराच चढा किंवा उतरता दाखवत असेल तर आधी नव्या तारा चढवून पुन्हा बघा. गंजक्या तारांनीही असं होतं, उगाच गिटारीला दोष नको.

ॲक्शन जास्त असेल तर घाबरू नका, तो भाव पाडायचा मुद्दा आहे. ब्रिजवरची पांढरी पट्टी, सॅडल, तळातून एक मिलिमीटर घासली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते. जाणत्या माणसाचं तासाभराचं काम, पण स्वतः घासू नका. जास्त घासलं तर नवी पट्टी घ्यावी लागते. तारा एक्स्ट्रा लाइट, ०.०१० च्या टाका, कारखान्यातून थकून आलेल्या बोटांना तेवढंच सोपं.

सगळं ठीक निघालं तर ५,००० म्हणा, ५,२०० वर तुटेल. मित्राला म्हणा, या महिन्यात ३,०००, बाकीचे तू जायच्या आधी, पुढच्या पगाराला. बिनव्याजी हप्ता म्हणतात तो हा. हे दोन महिने शिकवणी लावू नका, शिल्लक सगळी गिटारीला जाऊ द्या. पैसे फिटेपर्यंत गिटार त्याच्याकडेच राहिली तरी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सी, जी आणि डी कॉर्ड शिकून घ्या. सेटअप आणि तारांचे हजारेक रुपये तिसऱ्या महिन्यात. शिकवणीही तेव्हाच. वर्षाला ८,४०० म्हणजे गिटारीहून मोठा खर्च तोच आहे, त्यामुळे फी तिमाही भरून काही सूट मिळते का विचारा.

आणि कागद ब्रिजखाली गेला, किंवा मानेत पीळ निघाला, तर मोहात पडू नका, घरी या. मग नवी एफ-३१०, पण दिवाळीनंतर. आत्तापासून महिना २,००० बाजूला टाकलेत तर दिवाळीपर्यंत तीन महिन्यांचे ६,००० होतात. गेल्या दिवाळीला ७,००० बोनस मिळाल्याचं तुम्ही लिहिलंय, त्यातले ५,००० त्यात घाला. यंदा बोनस कमी आला तर खरेदी महिनाभर पुढे ढकला, कार्ड काढू नका. जळगावात दोन-तीन दुकानं फिरून, एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवून वाजवून बघा. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या गिटारींची ॲक्शनही वेगळी निघते. ऑनलाइन हजार-पाचशे वाचतात, पण ही निवड करता येत नाही. रोखीने घेताय म्हटल्यावर बॅग आणि कॅपो त्याच पैशात मागा. दुकानदार ‘पिकअपवाली (स्पीकरला जोडता येणारी) घ्या, स्टेजला लागेल’ म्हणेल. नको म्हणा. लागलाच तर साउंडहोलवर बसवायचा पिकअप नंतर वेगळा मिळतो.

मोटरसायकलचा हप्ता पुढच्या फेब्रुवारीत संपतोय, असंही पत्रात आहे. ते २,८०० मोकळे झाले की एफजी-८०० चा विषय पुन्हा काढणार, हे मला दिसतंय. काढा. पण त्यातले पहिले सहा हप्ते बचत खात्यात जाऊ द्या, म्हणजे ११,००० चे २७,८०० होतील. तोपर्यंत एफ बार कॉर्ड स्वच्छ वाजायला लागली असेल, तर मला परत लिहा.