मशीनमध्ये कपडे गार पाण्यात धुतले तर खरंच फरक पडतो का?

हो, नक्कीच पडतो, कारण गरम वॉशमध्ये बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते, ड्रम फिरवायला त्यामानाने फारच कमी लागते. साधं शाळेतलं गणित आहे, 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला जवळपास 0.7 युनिट लागतं, 30 अंशांवरच थांबलात तर त्याच्या पाव हिश्श्यात भागतं आणि रोजच्या घामाधुळीच्या कपड्यांना तेवढं पुरतं (कपड्यांचा रंगही जास्त टिकतो). फक्त घरात कोणी आजारी असेल तर त्यांच्या चादरी, टॉवेल मात्र 60 वरच धुवा, तिथे वीज वाचवू नका. आणि गरम हवेने कपडे वाळवणारा ड्रायर असेल तर तो आधी बंद करा, दोरीवर वाळवा, कारण तो गरम वॉशपेक्षाही जास्त वीज खाऊ शकतो.