नोकरी गेली, एकरकमी पैसा आला: मंडळीला दिलेलं वचन आत्ताच फेडू का?

प्रश्न: माझं वय ४६. कर्मचारीकपातीत १७ वर्षांची नोकरी गेली, पुढच्या महिन्याअखेर शेवटचा दिवस. कंपनीकडून एकरकमी पैसे मिळालेत. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) नव्या इमारतीसाठी ३६ महिन्यांत ठरावीक रक्कम देईन असं वचनपत्र मी भरलं होतं. त्याचे ६ हप्ते दिले. उरलेले ३० हप्ते आता एकदमच द्यावेत आणि आलेल्या रकमेचा दशमांशही (दहावा हिस्सा) द्यावा असं मनात आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, ती किमान रक्कम भरत हळूहळू फेडीन. बायबलमध्ये मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (क्षुल्लक नाणी, पण तिच्याजवळचं सगळं) टाकणाऱ्या विधवेने उद्याचा हिशेब केला नव्हता. मलाखी ३:१० प्रमाणे दशमांश देणाऱ्यासाठी आकाशाची कवाडं उघडतील, मग काळजी कशाची? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, म्हणून पत्नीला आकडा सांगितलेला नाही. नोकरी गेल्याचं मंडळीत कळायच्या आत हे उरकावं असं वाटतं. बरोबर करतोय ना?

उत्तर: द्यायचं हे बरोबर. आत्ता, एकदम आणि गुपचूप, हे तिन्ही चूक. का ते सांगतो, पण आधी आकडे.

तुमच्या खऱ्या रकमा इथे छापत नाही. मिळालेला पैसा १०० धरू. त्या मापात तुमचा महिन्याचा घरखर्च ८ येतो (घराचा हप्ता आणि मुलांची फी धरून, अर्पण सोडून). पत्नीच्या शिकवण्यांतून २ येतात. म्हणजे दरमहा ६ या शंभरातून जाणार. कार्डाची थकबाकी १८, व्याज तुम्हीच कळवलंय तसं महिना ३ टक्के. वचनाचे उरलेले २५, दशमांश १०.

तुमच्या बेताप्रमाणे ३५ दिल्यावर खात्यात ६५ दिसतील आणि दहा-अकरा महिने निघतील असं वाटेल. पण त्यातले १८ तुमचे नाहीतच, ते कार्डवाल्या बँकेचे आहेत. ४७ उरले. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो, हे पत्रात कुठेच आलेलं नाही. चौघांचा नवा विमा घ्यायला साधारण ३ लागतील. राहिले ४४. म्हणजे जेमतेम सव्वासात महिने. शेहेचाळिशीत, तुमच्या हुद्द्याची नोकरी सात महिन्यांत मिळेलच यावर मी तरी घर उभं करणार नाही.

कार्डाचं आणखी थोडं. किमान रक्कम भरत राहिलात तर तिचा मोठा भाग व्याजातच जिरतो आणि मुद्दल जागचं हलत नाही. काहीच भरलं नाही, तर महिना ३ टक्क्यांनी १८ चे वर्षात पावणेसव्वीसच्या आसपास होतात. मुदत ठेवीत पैसे ठेवून दुसरीकडे हे व्याज सोसणं म्हणजे बादली भरताना तळाचं भोक तसंच ठेवणं. पौल रोमकरांस १३:८ मध्ये कोणाचं काही देणं ठेवू नका असं सांगतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. दावीद राजाची गोष्टही आठवा. वेदी बांधायला अरवना नावाचा माणूस त्याला आपलं खळं आणि बैल फुकट द्यायला तयार होता. दाविदाने ते घेतलं नाही. ज्याची मला किंमत पडली नाही ते मी देवाला अर्पिणार नाही, असं म्हणून त्याने ५० शेकेल (त्या काळचं वजन) रुपं, म्हणजे चांदी, मोजून दिलं. ही गोष्ट बहुधा ‘झळ बसेल इतकं द्या’ अशा अर्थाने सांगतात, आणि तो अर्थ आहेच. मला तिच्यात आणखी एक दिसतं: आधी माणसाचा हिशेब चुकता झाला, मग वेदी उभी राहिली.

आता पत्नीचा मुद्दा. मत्तय ६ मधल्या त्या उजव्या-डाव्या हाताच्या ओळीच्या आधीची ओळ वाचा. तिथे रस्त्यात आणि सभास्थानात कर्णा वाजवून दान करणाऱ्यांचा विषय आहे. बघ्यांपासून लपवा, असं येशू म्हणतो. ज्या खात्यावर दोघांची नावं आहेत, त्यातल्या दुसऱ्या नावापासून लपवा असं कुठेही म्हटलेलं नाही. पुढचे कित्येक महिने त्या बाई या पैशावर घर चालवणार आहेत. त्यांच्या वाट्याची काटकसर तुम्ही परस्पर अर्पण करताय. मार्क ७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा पैसा ‘कुर्बान’ (देवाला वाहिलेला) म्हणून बाजूला काढणाऱ्यांना येशूने काय सुनावलं, तेही बघा. पैशांबद्दल सल्ला देण्याच्या माझ्या धंद्यात मी एक नियम पाळतो: नवराबायको दोघं समोर बसल्याशिवाय मोठ्या रकमेवर बोलायचं नाही. दान असलं तरी.

राहिली विधवा. तिच्या दोन टोल्यांपुढे मी हिशेबाची वही काय उघडणार! तरी एक सांगतो. ती गोष्ट मार्क १२ च्या ४१व्या वचनाला सुरू होते, आणि ४०व्या वचनात येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडलेला आहे. दोन्ही शेजारीशेजारी आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. शिवाय तिने टाकलं ते स्वतःचं होतं. त्यात बँकेचे १८ नव्हते.

यापुढचं लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य शेवटून दुसरं आहे: नोकरी गेल्याचं कळायच्या आत उरकावं. मी पाळक (मंडळीचा धर्मगुरू) नाही, पण मंडळीतच वाढलो, आणि वचनपत्राचा आकडा वाचून दाखवला जातो तेव्हा मान कशी ताठ होते हे मला माहीत आहे. तुम्ही देवाचं देणं फेडायला निघालाय की मागच्या बाकांवरची कुजबूज टाळायला? दोन्ही असेल. माणसाच्या मनात एका वेळी एकच गोष्ट क्वचित असते. पण घाई आलीय ती दुसऱ्या कारणातून. देवाला तुमची नोकरी गेल्याचं केव्हाच कळलंय, त्याच्यासाठी महिनाअखेरची मुदत नाही. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचा दोष जमीन विकून आलेले पैसे मागे ठेवण्यात नव्हता. जमीन तुझीच होती, विकल्यावरचा पैसाही तुझ्याच हातात होता, असं पेत्र त्याला स्पष्ट म्हणतो. दोष होता थोडं देऊन सगळं दिल्याचं भासवण्यात. तुम्ही खोटं काहीच बोलत नाही आहात. तरी नोकरी आहे असं भासवत द्यायचं, हे त्या घराच्या ओसरीपर्यंत जातं.

तुमचा यावर येणारा प्रश्नही रास्त आहे: नवस केलास तर फेडायला उशीर करू नको, असं उपदेशक ५ सांगतो, त्याचं काय? तुमचं वचनच ३६ महिन्यांचं होतं. त्याला ३६ महिने घेणं म्हणजे दिरंगाई नव्हे. ते वचन पगारातून द्यायचं होतं आणि पगार थांबला, हे पाळकांना सांगणं म्हणजे वचन मोडणंही नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रातसुद्धा लेवीय ५ मध्ये सोय आहे: मेंढरू परवडत नसेल तर दोन पक्षी, तेही झेपत नसतील तर एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा हिस्सा सपीठ. येशूचा जन्म झाल्यावर मरीया आणि योसेफ यांनी मंदिरात पक्ष्यांचंच अर्पण केलं. कोणी त्यांना कोकराचा हिशेब विचारल्याचं लूक सांगत नाही.

मग काय करावं. पैसे हातात असताना पहिल्याच दिवशी १० वेगळ्या खात्यात टाका, घरखर्चाच्या आधी. उरलंसुरलं देवाला देऊ नये, यावर मी तुमच्यापेक्षा कडक आहे. लंगडी आणि आजारी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांबद्दल मलाखी काय म्हणतो ते पहिल्याच अध्यायात आहे. या खात्यातला पैसा घरात परत आणायचा नाही. नंतर कार्डाचे १८ एका फटक्यात भरा, विम्याचे ३ काढा. उरतात ६९. दरमहा ६ प्रमाणे साडेअकरा महिने. सव्वासात कुठे आणि साडेअकरा कुठे!

गंमत पुढे आहे. वचनाचे २५ उरलेत, हप्ते ३०. त्या वेगळ्या खात्यातल्या १० मध्ये बरोबर १२ हप्ते बसतात. म्हणजे नोकरी नसतानाही वर्षभर तुमचा एकही हप्ता चुकत नाही. दशमांश आणि इमारतीचं दान वेगवेगळं धरावं असं तुमच्या मंडळीत शिकवत असतील, तर हे दोन्ही एका खात्यातून चालेल का, ते पाळकांनाच विचारा. तो निर्णय माझ्या टेबलावरचा नाही. नाही म्हणाले तर हप्ता अर्धा करून मागा. नोकरी लागली की राहिलेलं भरून काढता येईल, पण इमारत निधीत गेलेली रक्कम मुलाच्या फीसाठी परत मागता येत नाही.

पत्रात तुम्ही मलाखी ३:१० चाही ओझरता उल्लेख केलाय: आकाशाची कवाडं उघडतील, मग काळजी कशाची. ते वचन मी खोडत नाही. पण खात्रीच्या परताव्याची भाषा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो, मग ती कोणीही बोलो. अमुक टाकलं की तमुक मिळेल या हिशेबाने टाकलेला पैसा ही गुंतवणूक झाली, आणि गुंतवणूक म्हणून मी तिला मंजुरी देणार नाही. अर्पण म्हणून द्या. मग परताव्याचा प्रश्नच माझ्याकडे येत नाही.

आणि एक, पटकन: मोठी रक्कम देण्याआधी इमारतीचा आराखडा मंजूर आहे का, जागा कोणाच्या नावावर आहे, हिशेब कोण तपासतो, हे विचारायला लाजू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने सोबत दुसरी माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. २ करिंथ ८ मध्ये त्याने तसं लिहूनच ठेवलंय.

माझ्याकडे येणारं एक जोडपं घरखर्चाची वही ठेवतं. प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ अर्पणाची, मग भाडं, मग बाकीचं. मधल्या एका पानावर त्या ओळीपुढे शून्य होतं आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘या महिन्यात जमलं नाही. पाळकांना सांगितलं.’ पुढच्या पानावर पुन्हा आकडा, आधीपेक्षा लहान. ही वही मी दुसऱ्या कुणाला दाखवू शकत नाही, पण तुमचं पत्र वाचताना तीच डोळ्यांपुढे होती.

आज संध्याकाळी पत्नीसमोर हे आकडे मांडा, सगळे. त्यांचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा वेगळं आलं तर त्यांचं ऐका. त्यांना कदाचित दहाऐवजी बारा द्यायचे असतील. तसं झालं तर माझी हरकत नाही, महिन्याचा हिशेब मी पुन्हा मांडून देईन. रविवारी पाळकांना भेटा. विम्याचं काम मात्र रविवारपर्यंत ठेवू नका. कंपनीचा विमा शेवटच्या दिवसानंतर किती काळ चालतो ते मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागून घ्या, आणि नवा विमा त्याच्या आत सुरू होईल असा अर्ज करा.