चौकटीवरचे ओघळ : नव्या माणसासाठी

भाऊ, तुम्ही नव्यानं रंगवलेल्या दाराच्या चौकटीचा फोटो पाठवलात, तो पाहिला. रंगाचे ओघळ आलेत, ब्रशचे दोन केसही चिकटलेत. पण चौकट सागवानी आहे, घाबरू नका. सगळा ऑइलपेंट खरवडायची गरज नाही.

पहिली चूक म्हणजे घाई. ओघळ वरून सुकतो, आत कच्चाच राहतो. नख दाबून पाहा. खूण उमटली तर आणखी आठवडाभर थांबा. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ओघळ सपाट करा, नंतर ३२० चा हलका हात.

भेगेत लांबी (म्हणजे पुट्टी) भरली तर वर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, हवाच, नाहीतर तेवढाच डाग मळकट दिसतो. शेवटी रंगाचे दोन पातळ हात.

आणि खोलीत कापूस साठवला असेल तर आधी हलवा बाप्पा! ओल्या रंगाला चिकटलेली कापसाची लव माझ्या दाराला अजून आहे.