मुलीचा पुण्यातील खर्च आणि रस्त्याकडेची बारा कलमे

देवगड तालुक्यातील एका वाचकांची मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात जात आहे. शिक्षण शुल्क शासनाच्या सवलतीमुळे भरावे लागत नाही. वसतिगृहात मात्र जागा मिळाली नाही, त्यामुळे खोली आणि खानावळ मिळून पहिल्या वर्षी महिना 9,500 रुपये लागत होते, ते आता 14,000 झाले आहेत. घर किराणा दुकानावर चालते. हापूसच्या साठ कलमांतून खर्च वजा जाता गेल्या तीन हंगामांत 2,00,000, 85,000 आणि 1,20,000 रुपये हाती राहिले. दोन्ही मिळून वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास जाते. बँकेत चार लाखांची मुदत ठेव आहे. रस्त्यालगतच्या पंधरा गुंठ्यांना, ज्यांत बारा कलमे आहेत, मुंबईच्या एका गृहस्थांनी नऊ लाख देऊ केले आहेत. जमीन विकावी की ठेव मोडावी, असे त्यांनी विचारले आहे.

प्रथम गरज किती आहे ते पाहू. अकरा महिन्यांचे 14,000 प्रमाणे 1,54,000 रुपये होतात. शेवटच्या वर्षी दहा टक्के वाढ धरली तर 1,69,400 होतात. प्रवास, पुस्तके आणि प्रकल्पासाठी दोन्ही वर्षांचे मिळून 40,000 धरले, तर एकूण 3,63,400 रुपये लागतील. बागेचे उत्पन्न मी सरासरीने धरत नाही, कारण मोहोराच्या वेळी पाऊस पडला किंवा थ्रिप्स या मोहोरावरील किडीने जोर केला की सरासरी कागदावरच राहते. म्हणून सर्वांत वाईट हंगामाचे 85,000 दोन्ही वर्षी धरले. तरीही कमी पडणारी रक्कम सुमारे 1,95,000 रुपयांचीच आहे.

आता जमिनीविषयी. प्रामाणिकपणे सांगायचे तर निव्वळ व्याजाच्या हिशोबात विक्रीच सरस ठरते: बारा कलमे म्हणजे बागेचा पाचवा हिस्सा, सरासरी हंगामात वर्षाला 27,000 रुपये, नऊ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर 58,500. तरीही मी आज विक्री सुचवत नाही. दोन लाखांची अडचण भागवण्यासाठी नऊ लाखांची जमीन कायमची जाते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: हा तुकडा रस्त्याकडेचा आहे. नव्या मालकाने गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला की उरलेल्या अठ्ठेचाळीस कलमांच्या पेट्या गाडीपर्यंत न्यायच्या कोठून, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. शिवाय आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलत्यांची नावे किंवा जुनी कुळाची नोंद निघाली की व्यवहार वर्षभर रेंगाळतो. खोलीचे भाडे तोवर थांबत नाही. कधी विकायचीच झाली तर वाट राखून, घाई नसताना, जमिनीच्या गुणदोषांवर विकावी.

ठेवही मोडू नये. वादळाने छप्पर उडाले किंवा घरात कोणाचे आजारपण निघाले तर हाताशी असलेली तेवढीच रक्कम आहे; 2021 च्या तौक्तेनंतर हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

माझ्या मते ही तूट शैक्षणिक कर्जाने भरावी. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. वसतिगृह न मिळाल्यास बाहेरील निवास आणि भोजनाचा वाजवी खर्चही धरता येतो. मुलगी कर्जदार आणि आपण सहकर्जदार असाल. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते आणि तोपर्यंत सरळव्याज लागते. दर दहा टक्के धरून दोन्ही वर्षी एकेक लाख उचलले, तर परतफेड सुरू होईपर्यंत व्याज 50,000 होईल आणि अडीच लाखांचा पाच वर्षांचा हप्ता सुमारे 5,300 रुपये येईल. नोकरी लागलेल्या अभियंत्याला तो झेपण्यासारखा आहे. नोकरी लांबली तर हप्ता आपल्यावर येईल. ठेव न मोडण्यामागे हाही विचार आहे.

यातील 50,000 रुपये व्याजही वाचू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. मात्र महाविद्यालय किंवा अभ्यासक्रम मानांकित असावा लागतो आणि कर्ज त्या आदर्श योजनेतील, अनुसूचित बँकेचे असावे लागते. गावच्या पतसंस्थेकडून ओळखीवर दोन दिवसांत कर्ज मिळेल, पण हा लाभ मिळणार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा.

आपण प्रवर्ग लिहिलेला नाही, पण राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अवश्य तपासावी. अल्पभूधारकांच्या मुलांचा तीत विचार होतो. इतर मागास प्रवर्गात असाल तर सावित्रीबाई फुले आधार योजना पाहावी. भत्ता मिळाला तर तेवढे कर्ज कमी उचलावे.

पीककर्जाला मात्र हात लावू नये. किसान क्रेडिट कार्डाचा चार टक्के दर मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळतो. तो पैसा खोलीच्या भाड्यात गेला आणि हंगाम बुडाला, तर पुढच्या फवारणीलाही काही उरणार नाही.

वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आली की 85,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकून तेथून मुलीला दरमहा ठरावीक रक्कम पाठवावी. वर्षाची रक्कम एकदम देऊ नये. हंगाम चांगला गेला तर वरचे पैसे याच खात्यात ठेवून पुढच्या वर्षी कर्ज कमी उचलावे. खोलीचा करार लेखी करून घ्यावा आणि खानावळीच्या पावत्या जपाव्यात, कारण बँक त्या मागेल.