‘मेकॅनिकल करतो’ म्हणणाऱ्या मुलाचं आधी ऐका

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. एरोस्पेस इंजिनीअरिंगसाठी आम्हाला अमेरिकेतल्या पर्ड्यू आणि इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन या दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. १ मेपर्यंत कळवायचं आहे. नासात जाण्याच्या दृष्टीने कोणतं घ्यावं? पंतनगरचा फ्लॅट तारण ठेवून एक कोटीचं कर्ज काढतोय, उरलेलं पीएफमधून करू. मी चार वर्षांनी निवृत्त होईन. सीईटीचा फॉर्म भरलाय, पण आता ती परीक्षा देण्यात अर्थ वाटत नाही. मुलगा अधूनमधून मेकॅनिकल करतो म्हणतो, पण त्याला त्यातलं काय कळतं?
– एक पालक, घाटकोपर

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी अडले. सबंध पत्रात मुलाचं स्वतःचं म्हणणं तेवढंच आलंय, आणि तेही तुम्ही त्याच ओळीत खोडून टाकलंत. बाकी सगळीकडे ‘आम्हाला’ प्रवेश मिळालाय. प्रवेश त्याला मिळालाय. चार वर्षं वर्गात त्याला बसायचंय. अठरा वर्षांचा मुलगा वडिलांसमोर एखादी गोष्ट ‘अधूनमधून’ बोलतो, तेव्हा ती त्याच्या मनात बरेच महिने घोळत असते. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं सांगतात की घरात कुणी ओरडत नाही, फक्त ‘बघू’ म्हणतात, आणि मग आम्हीच तो विषय काढणं बंद करतो. तुमचा मुलगा अजून बोलतोय. तो गप्प व्हायच्या आत त्याला नीट विचारा.

फ्लॅट तारण ठेवताय, हे त्याला माहीत आहे का? माहीत असेल, तर ‘मला हे नको’ असं तो कुठल्या तोंडाने म्हणेल? एक कोटीचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी धरलं, तर महिन्याचा हप्ता एक लाख तीस हजारांच्या पुढे जातो. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं. म्हणजे त्याचं शिक्षण संपेल त्याच सुमारास तुमचा पगार थांबेल, पीएफ आधीच खर्च झालेला असेल आणि हप्ते सुरू होतील. त्या हप्त्यांसाठी तो मिळेल ती नोकरी धरेल. इतक्या ओझ्याखाली आवडीचं काम शोधायला कुणाला सवड मिळते? माझं स्पष्ट मत आहे, पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी राहतं घर तारण ठेवू नका.

आता नासाबद्दल, कारण तुमचा सगळा हिशोब त्या एका शब्दावर उभा आहे. नासाची थेट सरकारी नोकरी अमेरिकन नागरिकांसाठी असते. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, भारतीय पासपोर्टवर ते दार उघडत नाही. मग पालक म्हणतात, नासा नाही तर स्पेसएक्स. तिथे ‘आयटार’ नावाचे अमेरिकी निर्यात-नियम आडवे येतात. रॉकेट आणि संरक्षणाशी संबंधित तांत्रिक माहिती विशेष परवान्याशिवाय फक्त अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तिथे आश्रय मिळालेल्या लोकांनाच दाखवता येते. एखादा आराखडा परदेशी सहकाऱ्याला नुसता दाखवला, तरी कायद्याच्या नजरेत ती निर्यातच. म्हणून अशा कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींत ही अट आधीच लिहिलेली असते. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या इंजिनीअरला पदवीनंतर एक वर्ष आणि पुढे आणखी २४ महिने काम करता येतं, त्यानंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग किती लांब आहे, हे तुमच्या ओळखीत कुणी तिकडे असेल तर त्यालाच विचारा. तिथून एरोस्पेस शिकलेली आपली पुष्कळ मुलं शेवटी मोटार उद्योगात किंवा सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. ती कामं चांगलीच आहेत, पण त्यासाठी घर तारण ठेवायची गरज नव्हती.

मेकॅनिकल म्हणजे अवकाशाचं स्वप्न सोडणं, असं तुम्हाला वाटत असावं. इस्रोच्या सायंटिस्ट/इंजिनीअर ‘एससी’ (हे पदाच्या श्रेणीचं नाव, आरक्षणाचा प्रवर्ग नव्हे) पदांची मोठी भरती निघते, ती प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स या शाखांसाठी. लांब कशाला, तुमच्यापासून पुढचंच स्टेशन विक्रोळी. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी ‘विकास’ नावाची रॉकेट इंजिनं तयार होतात. २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशीच दोन विकास इंजिनं होती. धातू, वेल्डिंग, मशीनिंग, जोडाची तपासणी ही सगळी कामं मेकॅनिकल आणि मेटलर्जीवाल्यांची. तुमचा मुलगा म्हणतोय ते यापासून अजिबात दूर नाही. मेकॅनिकल करून पुढे ‘गेट’ ही परीक्षा देऊन पवईला आयआयटीत एरोस्पेसमध्ये एमटेक करता येतं. परदेशी जायचंच असेल तर एमएसला जावं. तेव्हा तो बावीस वर्षांचा असेल, स्वतःचं मन जाणत असेल आणि खर्च चारऐवजी सुमारे दोन वर्षांचा असेल.

तेव्हा सीईटी त्याला द्यायलाच हवी. व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज मिळालं तर घरून लोकलने जाऊन-येऊन उत्तम शिक्षण होईल. त्याने जेईई अॅडव्हान्स्डची तयारी केली असेल, तर त्याच रँकवर प्रवेश देणारी तिरुवनंतपुरमची आयआयएसटीही बघा. ती अंतराळ विभागाचीच संस्था आहे.

हे सगळं ऐकूनही तो स्वतः ‘मला अमेरिकेलाच जायचंय’ म्हणाला आणि घर तारण न ठेवता पैसे उभे राहिले, तर मी पर्ड्यू घ्या म्हणेन. एरोस्पेसच्या शिक्षणात दोन्हीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. नील आर्मस्ट्राँग पर्ड्यूला शिकले म्हणूनही मी हे म्हणत नाही. पर्ड्यूत इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष सर्वांना समान असतं, शाखा त्यानंतर ठरते. इलिनॉयमध्ये थेट एरोस्पेस शाखेत प्रवेश असतो आणि मागाहून शाखा बदलणं अवघड जातं. ज्या मुलाच्या मनात आजच मेकॅनिकल आहे, त्याला एक वर्ष शिकून मग ठरवायची मोकळीक पर्ड्यूत मिळते, अर्थात पहिल्या वर्षाचे गुण चांगले हवेत. तुमच्या हिशोबाने बघितलं, तर पर्ड्यूचा खर्चही कमी आहे.

१ मेच्या आधीचा एखादा रविवार काढा. फ्लॅट, पीएफ, हप्ता हे सगळे आकडे त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला बोलू द्या. त्याच्या आईचं मत पत्रात कुठेच नाही, त्यांनाही सोबत बसवा. मग त्याने मला स्वतः लिहावं. मेकॅनिकल का, कुठली गोष्ट उघडून बघायला आवडते, विमानात किंवा रॉकेटमध्ये नेमकं काय बघत बसतो, एवढंच पानभर. ते पत्र तुम्ही आधी वाचू नका. त्याला मी लगेच उत्तर देईन.