ग्रीक आणि रोमन देव एकच ना? मग मराठीत लिहिताना कोणती नावं वापरावीत?

एकच नाहीत. 'नावापुरता तर फरक आहे' हे मी एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडून ऐकलंय आणि ते मला अजून सलतं.

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या पाचव्या सर्गातला प्रसंग मी मराठीत आणला होता. अथीना देवीच्या मदतीने ग्रीक वीर डायोमिडीस भाल्याने युद्धदेव आरेसला जखमी करतो. नऊ-दहा हजार माणसांनी एकदम ओरडावं तसा आरेस ओरडतो आणि रडगाणं घेऊन झ्यूसकडे जातो. बाप त्याला जवळही घेत नाही. ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत तूच मला नकोसा आहेस, असं तोंडावर सुनावतो. अंक हातात आला तर त्यात आरेस, अथीना, झ्यूस यांच्या जागी रोमन मार्स, मिनर्वा आणि ज्युपिटर! अपोलो तेवढा जागेवर, कारण रोमनांनीही त्याचं नाव तेच ठेवलं होतं. मी फोन केला. (आरेसला मी तेव्हा 'एरीस' लिहिलं होतं.) संपादक म्हणाले, "अहो, मार्स म्हणजे मंगळ हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तुमचा एरीस कोणाला कळणार?"

पण रोममध्ये मार्स नकोसा मुलगा नाहीच. तो रोम वसवणाऱ्या रोम्युलस-रीमसचा बाप. मार्च महिना त्याच्या नावाचा, रोमनांचं जुनं वर्ष तिथूनच सुरू व्हायचं. काटो या रोमन लेखकाच्या शेतीवरच्या पुस्तकात शेतकरी त्यालाच विनवतो, पीक सांभाळ, गुरं सांभाळ, घरची माणसं सांभाळ. सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २ मध्ये त्याच्या मंदिराचं लोकार्पण केलं. अशा देवाला बापाने झिडकारलेलं वाचून वाचकाला रोमबद्दल काय कळणार? ग्रीक क्रोनस आणि रोमन सॅटर्न या देवांचंही तेच. एक पोटची पोरं गिळणारा, दुसरा सुवर्णयुगाचा राजा.

गोष्ट ज्या भाषेतली, नाव त्या भाषेतलं ठेवा. वीर एकच, पण होमरचा ओडिसिअस, रोमन कवी व्हर्जिलचा युलिसिस. हर्क्युलिस मराठीत रुळलाय, तो राहू द्या. पण ग्रीक 'हेराक्लीस'चा अर्थ हेराची, म्हणजे झ्यूसच्या राणीची, कीर्ती, आणि त्याला जन्मभर छळलं ते हेरानेच, हे त्यात हरवतं.

संपादकांच्या बाजूनेही सांगायला हवं. ही सांगड रोमनांनीच घातली, आणि इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या 'इलियड'च्या अनुवादातही रोमन नावंच आहेत. शिवाय ते 'एरीस' मी इंग्रजी उच्चारावरून लिहिलं होतं. कलहाची देवी एरिस ही आरेसचीच बहीण. देवनागरीत दोघांत एका वेलांटीचा फरक उरतो. ते दाखवून 'आरेस करा' म्हणाले असते तर मी लगेच केलं असतं. लेखावर नाव माझं होतं, छापण्याआधी विचारायला हवं होतं.